नऊ वेळा उजवीकडे

नानांच्या फोनचा स्क्रीन कायम काळा असतो. बंद नसतो, काळा असतो. टॉकबॅकमध्ये स्क्रीन झाकून ठेवायची सोय आहे, ती त्यांनी कायमची चालू केली आहे. "मला दिसत नाही, मग एसटीतल्या शेजाऱ्याला तरी कशाला दिसायला पाहिजे?" असं त्यांचं म्हणणं. बॅटरी वाचते हा वरचा फायदा. त्यामुळे नाना फोन वापरत असले की बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा बंद फोनवर बोटं फिरवत बसलाय.

नाना म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. मिरजेत एकटेच असतात. काकू जाऊन सहा वर्षं झाली. काचबिंदूनं उजवा डोळा पूर्ण गेला आहे, डाव्या डोळ्यानं नळीतून बघावं तसं समोरचं थोडंसं दिसतं. तेवढं टिकावं म्हणून रोज रात्री एक थेंब.

गेल्या दिवाळीत मी मिरजेला गेले होते. पाडव्याच्या दुपारी फराळाचं ताट मांडीवर घेऊन मी सोप्यात बसले होते आणि नाना शेजारच्या खुर्चीत फोन कानाशी धरून होते. त्यांच्या फोनचा आवाज इतका भरभर बोलतो की मला त्यातलं काही कळत नाही. नुसती टिर्रर्र ऐकू येते. पण त्या दिवशी एक शब्द सारखा येत होता, म्हणून कान टवकारले. "अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन." आणि नाना तोंडातल्या तोंडात मोजत होते. "सात... आठ... नऊ. हां."

"नाना, काय मोजताय?"

"औषध मागवतोय. नऊ वेळा उजवीकडं सरकायचं, मग दोन टिचक्या. दहावर गेलं तर भलतंच."

"भलतंच म्हणजे?"

"म्हणजे पुसलं जातं."

मी शंकरपाळं खाली ठेवलं. कारण आता मला कळलं होतं की ते कुठलं अ‍ॅप वापरताहेत. मीच लिहिलेलं.

पूर्ण मी एकटीनं नाही. सांगली, मिरज, कोल्हापूर, सातारा अशा गावांत औषधं घरपोच करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी अँड्रॉइड डेव्हलपर आहे. आमची टीम चार जणांची. पण 'माझ्या ऑर्डर' हा स्क्रीन माझा. त्यातली प्रत्येक ओळ माझी. जुन्या ऑर्डरसमोर एक गोल बाण असतो, तो दाबला की तेच औषध परत येतं. पत्ता विचारणं नाही, पैशाचा स्क्रीन नाही, पैसे दारात द्यायचे. एका टिचकीत ऑर्डर. ऑफिसात त्या फीचरचं कौतुक झालं तेव्हा मी नानांना फोन करून सांगितलं होतं. त्यांनी त्याच दिवशी शेजारच्या मुलाकडून अ‍ॅप टाकून घेतलं आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं की आमच्या पोरीनं केलंय.

गोल बाणाशेजारी कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे. ते दाबलं की जुनी ऑर्डर यादीतून जाते. दोन्ही चित्रंच, दोन्हींवर शब्द नाही. दिसणाऱ्याला शब्द लागत नाही. न दिसणाऱ्याला ऐकू यावं म्हणून प्रत्येक चित्रामागे एक न दिसणारं नाव लिहायचं असतं. अँड्रॉइडमध्ये त्याला कंटेंट डिस्क्रिप्शन म्हणतात. लिहायला दहा सेकंद लागतात. नाही लिहिलं तर कोड लिहायचं सॉफ्टवेअर त्या ओळीखाली पिवळी रेघ मारून आठवण करतं. आणि ती पिवळी रेघ नको असेल तर 'हे दुर्लक्षित कर' असं सांगायची आणखी एक ओळ असते. ती लिहायला पंधरा सेकंद लागतात. मी ती पंधरा सेकंदांची ओळ लिहिली होती.

हे मी नंतर पुण्याला आल्यावर शोधून काढलं. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, सगळं नोंदलेलं असतं. गुरुवार होता, संध्याकाळचे सात वाजून गेले होते. मला घरी जायचं असणार.

तर नानांनी माझा स्क्रीन पाठ केला होता. डोक्यात त्याचा नकाशा नव्हता, आकडा होता. वरून नवव्या ठिकाणी एक बिननावाचं बटन, ते बरोबर. दहाव्या ठिकाणी दुसरं बिननावाचं बटन, ते चूक. जिना उतरताना शेवटची पायरी कितवी हे पायांना माहीत असतं तसं.

"पण मधे तुम्ही जिनाच बदलला की," नाना म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. त्यांचा तो नसतोच.

ऑगस्टमध्ये आम्ही अपडेट काढलं. डिझायनरच्या म्हणण्यावरून वर एक सरकती जाहिरातपट्टी आली आणि कचऱ्याचा डबा डावीकडे गेला, बाण उजवीकडे. अंगठ्याला सोपं पडतं म्हणून. म्हणजे नानांचा नववा आता नववा राहिला नाही. त्यांनी अंदाजानं मोजून दोन टिचक्या मारल्या आणि ऑर्डर यादीतून पुसली गेली. खाली लाल पट्टी आली असणार, 'ऑर्डर काढून टाकली' अशी. ऑर्डर लागली की तिथंच हिरवी पट्टी येते. या पट्ट्या आम्ही स्वतः रंगवल्या होत्या. अँड्रॉइडची तयार पट्टी वापरली असती तर टॉकबॅकनं ती आपोआप वाचली असती. आमची कोणी वाचत नाही. त्यामुळे नानांच्या बाजूनं ऑर्डर लागली तरी शांतता, पुसली गेली तरी शांतता. फरक एसएमएसचा. आणि एसएमएस आमचे तसेही कधी सकाळचे संध्याकाळी येतात.

म्हणून ते थांबले. दोन दिवस थांबले. बाटली संपली. मग आमच्या मदत क्रमांकावर फोन केला, त्यात 'आपल्या स्क्रीनवर दिसणारा ऑर्डर क्रमांक टाका' असं ऐकून ठेवून दिला. खालच्या मेडिकलमध्ये विचारलं. ते थेंब न उघडलेले असतील तर फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, लहान दुकानदार ते भरून ठेवत नाहीत. मागवून देतो म्हणाला. एकूण पाच रात्री नानांनी थेंब घातले नाहीत.

"मला फोन का नाही केलात?"

"तुला कशाला?" नाना म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तू केलेलं हाय. तुला वाईट वाटलं असतं."

काचबिंदूचा स्वभाव असा की तो कडेनं खातो. गेलेली नजर परत येत नाही, औषधानं फक्त उरलेली टिकते. डिसेंबरात मी त्यांना तपासणीला घेऊन गेले. यंत्रात डोकं घालून दिवा दिसला की बटन दाबायचं, अशी ती परीक्षा असते. मागच्या वर्षीपेक्षा नळी थोडी अरुंद झालेली होती. मी डॉक्टरांना ऑगस्टचे पाच दिवस सांगितले. ते म्हणाले, पाच दिवसांनी एवढं होत नाही बहुधा, आजारच पुढं सरकतो. त्या 'बहुधा'वर मी अजून अडकलेली आहे. नाना परतीच्या रिक्षात म्हणत होते की मिसळ खाऊन जाऊया.

नाना आधी खिळे जुळवायचे. म्हणजे छापखान्यात कंपोझिटर होते. १९७२ ला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मिरजेतल्या एका प्रेसमध्ये लागले, लग्नपत्रिका, हँडबिलं, सहकारी बँकांचे अहवाल. उभं राहून एका हातात स्टिक धरायची आणि दुसऱ्या हातानं केसमधल्या घरांतून एकेक खिळा उचलून उलटा लावत जायचा. इंग्रजीपेक्षा मराठीला घरं कितीतरी जास्त, कारण काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, सगळ्यांचे खिळे वेगळे. कुठलं अक्षर कुठल्या घरात हे हाताला पाठ असायचं. मान वर करून बघत बसणाऱ्याचं पोट भरत नसे.

आणि खिळा सरळ आहे की उलटा हे कसं कळायचं? तर प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते. बोटाला खाच लागली की दिशा कळते. अक्षराकडे बघायचीच गरज नाही. नानांच्या टेबलाच्या खणात अजून मूठभर खिळे आहेत. त्यांनी त्या दिवाळीत त्यातला एक माझ्या हातात ठेवला. मी स्क्रीनच्या उजेडात धरून बघायला लागले तर म्हणाले, "बघू नको. बोट फिरव."

मी हे सांगतेय कारण मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की माझ्या कामात खाच म्हणजे काय. काच सपाट असते. नानांचा जुना नोकिया होता त्याच्या पाचच्या बटनावर एक उंचवटा होता, तिथून बाकीचे आकडे सापडायचे. टचस्क्रीन आले तेव्हा बऱ्याच अंध लोकांना वाटलं की झालं, आता फोन आपला राहिला नाही. २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर आलं आणि त्यातली युक्ती अशी होती की शोधणं आणि दाबणं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. बोट ठेवलं की फक्त ऐकू येतं, दोनदा टिचकी मारली तरच दाबलं जातं. अँड्रॉइडवर बोट फिरवून ऐकायची सोय ४.० मध्ये, म्हणजे २०११ ला आली. एवढं मोठं काम फोनवाल्यांनी करून ठेवलं आहे. आमच्याकडून त्यांची अपेक्षा फक्त एवढीच की चित्राला नाव द्या. फोन खाच वाचायला तयार आहे, खिळ्यावर खाच पाडणं माझ्याकडं आहे.

पुण्याला आल्यावर मी माझ्या फोनवर टॉकबॅक चालू केला, स्क्रीन झाकला आणि आमच्या अ‍ॅपमध्ये शिरायचा प्रयत्न केला. ओटीपीला तीस सेकंद होती. मेसेज ऐकून, आकडे लक्षात ठेवून, परत येऊन, एकेक आकडा शोधून टाकेपर्यंत तीस सेकंद संपत. चौथ्या वेळी जमलं. मग ती सरकती जाहिरातपट्टी. दर तीन सेकंदांनी ती बदलायची आणि माझं बोट जिथं होतं तिथून मला उचलून वर न्यायची. औषधाची किंमत "दोनशे चाळीस, दोनशे दहा" अशी ऐकू आली. पहिली किंमत खोडलेली आहे हे डोळ्यांनाच दिसतं. औषध संपलं असेल तर आम्ही त्याचं नाव करडं करतो. कानाला करडं काही नसतं.

करड्यावरून आठवलं. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यापेक्षा अंधुक दिसणारे लोक जास्त असतात आणि त्यांचा शत्रू म्हणजे हा करडा. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं सर्वांना वापरता येण्याजोग्या रचनेची सूत्रं १९९९ मध्ये पहिल्यांदा काढली, पुढं त्यांच्या नव्या आवृत्त्या आल्या. त्यात अक्षर आणि पाठीमागचा रंग यांच्यातला फरक मोजायचं गणित आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ पाहिजे. आमच्या डिझायनरचा लाडका करडा, सहा वेळा नऊ असा ज्याचा कोड आहे, तो पांढऱ्यावर २.८५ भरतो. तो काढायला मी सांगितलं तर म्हणाला, "पण मग सगळं ओरडल्यासारखं दिसेल गं." मी त्याला नुसती रेशन कार्डाच्या झेरॉक्सची आठवण करून दिली. वाचता यायला हवं ते काळंच असतं.

इथं एक कबुली. डोळे झाकून अ‍ॅप वापरायचा हा प्रयोग हल्ली ऑफिसांत शिबिरांसारखा करतात आणि मला तो अर्धवट वाटतो. तासाभरासाठी डोळे झाकले की कळतं ते आपलं भांबावणं. आपण बाहेर येतो ते 'बापरे, कसे जगत असतील' असं म्हणत. नाना भांबावलेले नसतात. माझ्या चौपट वेगानं ऐकतात. त्यांना चांगलं लिहिलेलं अ‍ॅप दिलं तर ते माझ्या आधी रिक्षा बोलावतात, हे मी हरून बघितलं आहे. त्यांची अडचण डोळ्यांची कमी, माझ्या गुरुवारच्या संध्याकाळची जास्त.

'दिव्यांग' शब्दाबद्दल त्यांचं मत छापण्याजोगं नाही. "दिव्य काय हाय त्यात?" इथपर्यंत छापता येईल.

मॅनेजरशी बोलणं झालं ते साधारण अपेक्षेप्रमाणे झालं. माणूस वाईट नाही, त्याच्यावर आकड्यांचा दबाव असतो. त्यानं विचारलं, "आपले किती युजर अंध आहेत?" मी म्हटलं, एक तरी आहे. तो हसला. मग मी सांगितलं की ज्यांना जमलं नाही ते काढून टाकून गेले, ते आपल्या आकड्यात कुठून येणार? चौथ्या मजल्यावर बिनलिफ्टचं ऑफिस थाटायचं आणि व्हीलचेअरवरची माणसं किती येतात ते मोजायचं, तसं हे. त्यानं कामाच्या यादीत ते टाकलं. तातडी: कमी. त्या यादीत कमी तातडीची कामं पहिल्या वर्षापासूनची पडून आहेत.

मग मी कायदा वाचला. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे आणि त्यात सरकारी कार्यालयांसोबत खासगी सेवा देणाऱ्यांचाही विचार आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. बँका आणि सिमकार्डवाले ओळख पटवण्यासाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात, ते अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांना आणि अंध व्यक्तींना जमत नाही, म्हणून याचिका होत्या. न्यायालयानं म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि जिवंत माणूस ओळखायचे दुसरे मार्गही ठेवायला सांगितले.

हे वाचताना मला नानांची केवायसी आठवली. एका बँकेच्या अ‍ॅपनं त्यांना सांगितलं होतं, "चेहरा वर्तुळात आणा." नाना म्हणाले, "वर्तुळ कुठं हाय ते सांग, आणतो." बाईचा आवाज परत म्हणाला, "चेहरा वर्तुळात आणा." असं दहा मिनिटं चाललं. शेवटी शेजारच्या मुलानं त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून वर्तुळात बसवलं, तेव्हा अ‍ॅप म्हणालं की चौकटीत दोन माणसं दिसताहेत.

हा किस्सा नाना रंगवून सांगतात आणि सगळे हसतात, मीही. पण शेजारच्या मुलाला त्यांचा ओटीपी कळतो, खात्यातली रक्कम कळते, कुठल्या डॉक्टरकडं जातात ते कळतं. मुलगा चांगला आहे. दरवेळी चांगलाच मुलगा शेजारी असेल असं धरून आम्ही अ‍ॅपं बांधतो.

मॅनेजरला मी कायद्याचा कागद दाखवला नाही. कारण एक तर तो घाबरला असता आणि घाबरलेली कंपनी काम करत नाही, कागद करते. आणखी एक वाद मी टाळला, तो म्हणजे 'हे सगळ्यांच्याच फायद्याचं आहे'. उन्हात स्क्रीन बघणाऱ्याला ठळक अक्षर बरं, कडेवर बाळ घेतलेल्या बाईला मोठं बटन बरं. खरं आहे ते. पण नानांना औषध मिळायला पाहिजे हे पुरेसं कारण का नाही? त्यांच्या मागे बाळवाली बाई कशाला उभी करायची?

मी सरळ जानेवारीत दोन शनिवार बसून काम केलं. नावं द्यायला दीड दिवस लागला. 'पॅरासिटामॉल, ऑर्डर पुन्हा मागवा', 'पॅरासिटामॉल, यादीतून काढा'. नुसतं 'पुन्हा मागवा' चालत नाही, कारण दहा ऑर्डरी असतील तर दहा वेळा तेच ऐकू येतं. 'बटन' शब्द नावात लिहायचा नाही, तो टॉकबॅक स्वतः म्हणतो, नाहीतर 'बटन बटन' होतं. शोभेच्या चित्रांना मुद्दाम नाव द्यायचं नाही, नाहीतर हिरवं पान, हिरवं पान ऐकत बसावं लागतं. जाहिरातपट्टी सरकायची थांबवली. लाल-हिरव्या पट्ट्या बोलायला लागल्या. ओटीपीची मुदत वाढवायला सर्व्हरवाल्या मित्राला वडापाव खिलवावा लागला. प्रत्येक बटनाभोवती बोट ठेवायला ४८ डीपी एवढी जागा, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. हे सगळं अवघड नाही. अवघड आहे ते टिकवणं. पुढच्या अपडेटला कोणीतरी नवं चित्र टाकणार, त्याच्याही आयुष्यात गुरुवारची संध्याकाळ येणार. म्हणून आता नाव नसलेलं चित्र असेल तर आमचा बिल्डच होत नाही, अशी तपासणी मी घातली आहे. माझ्यावर टीममधले दोघं त्यासाठी चिडलेले आहेत.

पण यंत्राची तपासणी नाव आहे का एवढंच बघते. नाव शहाणं आहे का हे तिला कळत नाही. ते आम्हाला मराठी आवृत्तीत कळलं. भाषांतरकाराकडं आम्ही शब्दांची यादी पाठवली होती, त्यात ही न दिसणारी नावंही होती, आणि कुठला शब्द कुठं येतो ते त्याला कोणी सांगितलं नाही. मागे जायच्या बाणाचं नाव होतं 'बॅक'. त्यानं लिहिलं 'पाठ'. डोळ्यांनी वापरणाऱ्या एकाही माणसाला हे कधी कळलं नसतं. नानांचा फोन आला. "पाठ दाबली की मागं जातंय," ते म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

मग मी मॅनेजरला म्हटलं, आपल्याला तपासणारा माणूस पाहिजे, रोज टॉकबॅक वापरणारा. तो म्हणाला, तुझ्या काकांना विचार ना, करतील ते. मी विचारलं.

"फुकट?" नाना म्हणाले.

"नाही म्हणजे... विचारते."

"मी प्रूफं वाचायचो तेव्हा पानामागं पैसे घेत होतो. पुतणीचं असलं म्हणून काय झालं?"

१९९० नंतर प्रेसमध्ये संगणक आला, खिळे भंगारात वजनावर गेले आणि नाना प्रूफरीडर झाले. डोळे जाईपर्यंत तेच काम. डीटीपीचा त्यांना राग नाही, पण त्या काळातल्या फॉन्टवर आहे. अजूनही कितीतरी सरकारी पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. दिसायला शुद्ध मराठी, पण आत भलत्याच इंग्रजी खुणा. टॉकबॅक त्या खुणा वाचायला लागला की नाना म्हणतात, "केस सांडली." केस सांडणं म्हणजे सगळ्या घरांतले खिळे जमिनीवर एकत्र. नवशिक्याच्या हातून एकदा तरी सांडतेच आणि ती परत लावायला रात्र जाते.

तर मोबदला. आमच्या कंपनीत बाहेरच्या माणसाला पैसे द्यायला तीन सह्या लागतात, म्हणून मॅनेजरनं आधी हजार रुपयांचं गिफ्ट कूपन पाठवलं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, चित्र म्हणून. नानांच्या फोननं वाचलं: "फोटो." त्यांनी ते मला परत पाठवलं आणि सोबत व्हॉइस मेसेज: "हे पहिलं प्रूफ. चूक दाखवली. आता पैसे पाठव." तीन सह्या झाल्या. आता दर अपडेटआधी त्यांच्या खात्यात पैसे जमा होतात, आणि त्यांच्याच सांगण्यावरून सांगलीतली आणखी एक मुलगी तपासते. ती पूर्ण अंध आहे, बी.कॉम. करतेय, आणि नानांपेक्षा कडक आहे. तिनं पहिल्याच दिवशी बावीस चुका काढल्या. नाना सतरावर थांबले होते, ते त्यांना अजून लागून आहे.

त्यांचं प्रूफ व्हॉइस मेसेजमध्ये येतं. दहा-बारा मिनिटं, सुरुवातीला तारीख, मग स्क्रीन एक, स्क्रीन दोन, ओळ अमुक, खोडा, घाला, जागा सोडा, अशी छापखान्याची भाषा. मध्येच प्रेशर कुकरची शिट्टी. मी हेडफोन घालून लिहून घेते. पहिले काही मला दीडपट वेगानं ऐकता येत नव्हते, आता येतात.

मार्चमधल्या प्रूफमध्ये शेवटी म्हणाले, "आणि ते पाठ अजून तसंच हाय. ऱ्हाऊ दे ते. एकटा असतो, हसायला मिळतं."

मी ते बदललं. दुसऱ्यांनाही वापरायचं असतं. अपडेट रात्री गेलं आणि सकाळी साडेसातला फोन वाजला.

"बदललंस व्हय?" नाना म्हणाले.